मागून आलेल्यांची जागा

न्याय आणि औदार्य यांत पहिले पाऊल कोणी टाकावे, हा प्रश्न गोरेगावच्या सेमिनरीत आम्ही परीक्षेपुरता सोडविला होता. उत्तरपत्रिकेत संत थॉमस अक्वायनस यांचे नाव दोन-तीनदा आले की प्राध्यापक प्रसन्न होत, आणि आम्हीही त्या वयात तेवढ्यावर प्रसन्न होतो. तोच प्रश्न पुढे कित्येक वर्षांनी शिकागो शहरात आमच्यासमोर उभा राहिला, तो दहा ते बारा वर्षांच्या मुलींच्या सॉफ्टबॉल संघाच्या रूपाने. तेथे परीक्षा घेणारा प्राध्यापक नव्हता. एक बसचालक होता.

२०११ साली आम्ही त्या शहराच्या दक्षिण भागातील एका धर्मग्रामात साहाय्यक धर्मगुरू म्हणून काम करीत होतो. आमच्याकडे जसे प्रत्येक गावात क्रिकेट, तसे तेथे सॉफ्टबॉल. हा खेळ जन्मला तोच मुळी शिकागोत, १८८७ साली. फॅरागट बोट क्लबात जमलेल्या तरुणांपैकी एकाने बॉक्सिंगचा जुना हातमोजा फेकला, दुसऱ्याने तो काठीने टोलविला आणि जॉर्ज हॅनकॉक नावाच्या गृहस्थांनी त्यातून खेळ उभा केला, असे सांगतात. कॅथलिक मुलांच्या खेळांशीही या शहराचे नाते जुने आहे. १९३० साली तेथील साहाय्यक बिशप बर्नार्ड शील यांनी ‘कॅथलिक यूथ ऑर्गनायझेशन’ काढली, आणि सुरुवात केली ती बॉक्सिंगने! मंदीच्या दिवसांत रस्त्यावर भटकणाऱ्या पोरांना प्रवचनापेक्षा हातमोजे अधिक लवकर चर्चच्या दारात आणतात, हे त्या बिशपांनी ओळखले होते.

ज्या वाचकांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मैदानावर एका वेळी नऊ जणी. चेंडू टाकणारी पिचर हात खालून फिरवून चेंडू टाकते. बाकीच्या आपापल्या जागी. या नऊ जागांत ‘राइट फील्ड’ म्हणून मैदानाच्या उजव्या टोकाची एक जागा असते. बहुतेक मुली उजव्या हाताने खेळतात, त्यामुळे त्यांचा फटका सहसा डावीकडे जातो आणि त्या टोकाकडे चेंडू क्वचितच येतो. म्हणून संघातील सर्वांत कच्च्या मुलीला तेथे उभे करण्याची रीत आहे. तेथे उभी असलेल्या मुलीला हे ठाऊक असते. आपल्याला तेथे का ठेवले, हे मुलांना कोणी सांगावे लागत नाही.

आमच्या संघात बारा मुली होत्या. मार्च महिन्यात, बाहेर बर्फ वितळायचे असताना, शाळेच्या जिममध्ये त्यांचा सराव सुरू झाला. कोचबाई त्याच धर्मग्रामातील एक आई होत्या. पहिल्याच दिवशी सर्व पालकांना बसवून त्यांनी सांगितले, ‘जी मुलगी सरावाला नियमित येईल ती प्रत्येक सामन्यात निदान अर्धा वेळ मैदानावर असेल.’ सामना सहा डावांचा. म्हणजे प्रत्येकीला कमीत कमी तीन डाव. हे वचन लेखी नव्हते. पण दिलेला शब्द तो शब्द. एका बसचालकाची मुलगी अवजड चष्मा लावून, एकही सराव न चुकविता येत असे. ती राइट फील्डला उभी राही, आणि तीन डाव झाले की बाकावर येऊन बसे.

दहा सामन्यांचा हंगाम. पाच झाले होते. त्यांतील चार आपण हरलो होतो. अशा वेळी मे महिन्याच्या मध्यावर तीन नव्या मुली आल्या. त्यांतील दोघी बहिणी नुकत्याच मेक्सिकोतून आल्या होत्या. आई रात्री कार्यालयांची साफसफाई करीत असे, आणि स्पॅनिश मिस्सा संपल्यावर तिने मोडक्यातोडक्या इंग्रजीत आम्हाला विचारले होते की मुलींना खेळायला कोठे पाठवू. धाकटीने हातमोजा कोणत्या हातात घालतात हेदेखील पाहिले नव्हते. तिसरी मुलगी निराळी. ती उत्तम पिचर होती. आधीच्या संघाशी तिच्या वडिलांचे बिनसले म्हणून ते तिला घेऊन आमच्याकडे आले. संघाच्या समितीला तिसरी हवी होती. पहिल्या दोघींविषयी समितीचे म्हणणे होते, ‘पुढच्या वर्षी पाहू.’ हंगामाच्या मध्यात नावे वाढवायची तर तेथे धर्मगुरूची सही लागे. मुख्य धर्मगुरू रजेवर होते. कागद आमच्यापुढे आला.

आम्ही तिन्ही नावांवर सही केली. एवढ्यावरच थांबलो असतो तर बरे झाले असते. परंतु त्या रविवारी आम्ही वेदीवरून द्राक्षमळ्याच्या मजुरांचा दाखला निवडला. संत मत्तयच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय वाचकांना परिचित आहे: पहाटे आलेले मजूर, संध्याकाळी तास राहिला असता आलेले मजूर, आणि दोघांच्याही हातावर ठेवलेला एकेक दिनार. मागून येणाऱ्यांविषयी कुरकुर करणे हे ख्रिस्ती मनाला शोभत नाही, असे आम्ही सांगितले. कोणाचे नाव घेतले नाही. घेण्याची गरजही नव्हती. आम्हाला त्या दिवशीचे प्रवचन फार चांगले झाले असे वाटले होते, हे आज लिहिताना संकोच वाटतो.

दोन आठवड्यांनी तो बसचालक मिस्सा संपल्यावर वाहनतळात आम्हाला भेटला. रागावलेला नव्हता. टोपी हातात धरून म्हणाला, ‘फादर, तुमचे प्रवचन मी ऐकले. त्या मळ्याच्या मालकाने शेवटच्या मजुरांना जे दिले ते स्वतःच्या खिशातून दिले. तुम्ही माझ्या मुलीच्या खिशातून दिलेत.’

आम्ही काहीतरी उत्तर दिले. काय दिले ते आठवत नाही. बहुधा प्रार्थना करीन असे म्हणालो. धर्मगुरूला उत्तर सुचत नाही तेव्हा तो हेच म्हणतो.

त्या रात्री आम्ही तो दाखला पुन्हा वाचला. शेकडो वेळा वाचलेल्या मजकुरात एक गोष्ट आम्ही कधी नीट पाहिली नव्हती. मालक कुरकुर करणाऱ्या मजुराला प्रथम काय सांगतो? मी तुझ्यावर अन्याय केलेला नाही; एक दिनार ठरला होता, तो तुला मिळाला आहे. आपले औदार्य तो नंतर सांगतो. म्हणजे ठरलेली मजुरी पूर्ण चुकती झाली आहे, हा त्या दाखल्याचा पाया आहे. समजा, मालकाने पहाटेच्या मजुरांच्या दिनारातून थोडे थोडे कापून ते शेवटच्यांना वाटले असते, तर? मग तो मालक उदार ठरला नसता. लोक त्याला दुसऱ्याच नावाने ओळखले असते, आणि आम्ही त्याच्यावर प्रवचन केले नसते.

मग आम्ही कागद घेऊन हिशेब मांडला. गणित हा आमचा विषय नव्हे, पण हे गणित चौथीच्या मुलालाही जमेल. सहा डाव आणि नऊ जागा, म्हणजे एका सामन्यात एकंदर चौपन्न जागा वाटायला उपलब्ध. बारा मुलींपैकी सहा चांगल्या खेळणाऱ्या पूर्ण सहा डाव मैदानावर असत. त्यांच्या छत्तीस जागा गेल्या. उरल्या अठरा. त्या बाकीच्या सहा जणींत प्रत्येकी तीन. म्हणजे कोचबाईंचे वचन अगदी काठावर, पण पाळले जात होते. आता तीन मुली आल्या. पिचर अर्थातच पूर्ण सामना खेळू लागली. सात जणींच्या बेचाळीस जागा गेल्या, उरल्या बारा. आणि त्या वाटायच्या आठ जणींत. प्रत्येकीला दीड डाव. बसचालकाच्या मुलीचे तीन डाव दीडावर आले होते. वचन दिलेल्याचा निम्मा भाग आम्ही सही करून काढून घेतला होता.

परंतु तोच कागद आणखी थोडा वेळ पाहिल्यावर दुसरीही एक गोष्ट दिसली, आणि आमच्या मते तीच अधिक महत्त्वाची आहे. केवळ त्या दोघी बहिणींना घेतले असते आणि सहा तरबेज मुलींपैकी प्रत्येकीने एकच डाव सोडला असता, तर? तीस जागा त्यांच्या, चोवीस बाकीच्या आठ जणींच्या. प्रत्येकी पुन्हा बरोबर तीन! तिसरी मुलगी आली तरीही वचन पाळता येत होते. फक्त मग सात जणींना पावणेदोन डावांच्या आसपास सोडावे लागले असते. चौपन्न जागांत अठरा मुलींना तीन-तीन डाव देता येतात. आमच्या पंधराच होत्या. तेव्हा जागा नव्हती हे खरे नव्हे. जागा होती; ती ज्यांच्याकडे जास्त होती त्यांना कोणी सरकायला सांगितले नाही.

विरार लोकलने प्रवास करणाऱ्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. तिघांच्या बाकावर चौथ्याला बसू द्यायचे हा तेथला अलिखित कायदा आहे, आणि तो आम्हाला नेहमीच फार ख्रिस्ती वाटत आला आहे. परंतु चौथा बसतो तेव्हा सरकतो कोण? खिडकीजवळचा माणूस सरकत नाही. तो वर्तमानपत्रात डोके घालून बसलेला असतो. मधला थोडासा हलल्यासारखे करतो. आणि तिसरा, जो आतापर्यंत सरळ बसला होता, तो दादरपर्यंत अर्ध्या मांडीवर तोल सावरीत बसतो. उदार कोण ठरले? सगळा बाक. किंमत कोणी दिली? एकाने. आमच्या संघातही असेच झाले. नवी पिचर आली म्हणून जुनी पिचर पहिल्या बेसवर गेली, पहिल्या बेसवरची मुलगी बाहेरच्या मैदानात गेली, आणि ढकलत ढकलत तो धक्का जेथे पोहोचायचा तेथेच पोहोचला. राइट फील्डला.

ॲरिस्टॉटल सांगतो की वाटपाचा न्याय म्हणजे प्रत्येकाला त्याच्या योग्यतेप्रमाणे देणे. वाद असतो तो योग्यता कशाने मोजायची याविषयी. चांगली बासरी कोणाला द्यावी? उत्तम वाजविणाऱ्याला, असे तो म्हणतो, कारण बासरी वाजविण्यासाठी आहे. संत थॉमस याच विचाराची पुढची पायरी चढतात. ज्या कारणासाठी एखादी वस्तू वाटायची त्याच्याशी संबंध नसलेल्या गोष्टीकडे पाहून ती दिली, तर तो पक्षपात होय. ज्ञान पाहून शिक्षक नेमणे योग्य. तो श्रीमंत आहे किंवा आपला नातेवाईक आहे म्हणून नेमणे हा पक्षपात. आता सॉफ्टबॉलचा संघ कशासाठी आहे? व्यावसायिक संघ जिंकण्यासाठी असतो. तेथे हंगामाच्या मध्यात उत्तम पिचर आणली तर आमची काही तक्रार नाही. बासरी वाजविणाऱ्याकडे गेली. परंतु धर्मग्रामातील दहा वर्षांच्या मुलींचा संघ जर मुली वाढाव्यात म्हणून असेल, तर चार पराभव हे पिचर आणण्याचे पुरेसे कारण होत नाही, आणि हातमोजा कोणत्या हातात घालावा हे न कळणे हे नाकारण्याचे कारण होत नाही. उलट ते घेण्याचेच कारण आहे.

तथापि आम्ही त्या पिचर मुलीवर अन्याय करू इच्छीत नाही. तीही मूलच होती. वडिलांच्या भांडणात तिचा काय दोष? चांगले खेळते म्हणून तिला नाकारणे हादेखील एक प्रकारचा पक्षपातच झाला असता. या खेळाच्याच इतिहासात त्याचे उदाहरण आहे. १९७२ साली न्यू जर्सीच्या होबोकन गावात मारिया पेपे नावाची बारा वर्षांची मुलगी मुलांच्या बेसबॉल संघात गुणांवर निवडली गेली. ती चेंडू टाकीत असे. तीन सामने झाले, आणि ‘लिटल लीग’ या संस्थेने गावाला बजावले की मुलगी खेळत राहिली तर तुमची मान्यता जाईल. हंगाम चालू असताना तिला गणवेश उतरवावा लागला. प्रकरण न्यायाधिकाऱ्यापुढे गेले, निकाल मुलींच्या बाजूने लागला, पण तोवर तिचे वय उलटून गेले होते. १९७४ साली त्या संस्थेने मुलींना दार उघडले आणि त्याच वर्षी त्यांच्यासाठी सॉफ्टबॉलचा विभागही सुरू केला. पुढे लाखो मुली त्यात खेळल्या. एका मुलीचे उरलेले सामने मात्र राहूनच गेले. मुलांच्या बाबतीत न्यायाला वयाची अट असते. मोठ्यांना दहा वर्षांनी नुकसानभरपाई देता येते; बाराव्या वर्षीचा उन्हाळा विसाव्या वर्षी परत करता येत नाही.

आमच्याकडील त्याच संस्थेच्या संघांत पुढे एक नियम आहे, तो या संदर्भात सांगण्यासारखा आहे: संघात नाव असलेल्या आणि हजर असलेल्या प्रत्येक मुलाला सामन्यात किमान सहा बाद होईपर्यंत क्षेत्ररक्षण आणि निदान एकदा फलंदाजी मिळालीच पाहिजे. काही लोक अशा नियमांना हसतात. सक्तीने का कोठे प्रेम येते, असे म्हणतात. आम्हाला मात्र त्यात तो दिनार दिसतो. आधी किमान ठरवा, ते प्रत्येकाच्या हातावर ठेवा, आणि मग औदार्याला सुरुवात करा.

आमचा कागद घेऊन आम्ही कोचबाईंकडे गेलो. त्या बाई आमच्यापेक्षा शहाण्या निघाल्या. हा हिशेब त्यांनी सही झाली त्याच रात्री केला होता. ‘मग बोलला का नाहीत?’ आम्ही विचारले. त्या म्हणाल्या, ‘फादर, तुम्ही रविवारी प्रवचनच तसे केलेत. त्यानंतर कोण बोलणार?’

वेदीवरून बोललेल्या शब्दाला उलट उत्तर येत नाही, ही आमच्या व्यवसायातील मोठीच अडचण आहे. आम्ही कुरकुर करणाऱ्यांना गप्प केले होते, आणि त्या कुरकुरीतच खरी माहिती होती.

पुढल्या सामन्यापासून कोचबाईंनी तक्ता बदलला. तरबेज मुलींच्या पालकांपैकी दोघे नाराज झाले, एकाने आमच्याकडे पत्रही धाडले. उरलेल्या सामन्यांत संघ एक जिंकला. मेक्सिकोहून आलेल्या बहिणींपैकी धाकटीने शेवटच्या सामन्यात चेंडू बॅटला लावला; तो चार पावलांवर जाऊन पडला आणि ती बाद झाली, पण तिची आई उभी राहून जे ओरडली ते अजून आमच्या कानात आहे. बसचालकाची मुलगी हे पाहायला नव्हती. दीड डावाच्या त्या दोन आठवड्यांतच तिने खेळ सोडला होता. तक्ता बदलल्यावर आम्ही तिच्या घरी गेलो. तिने दार उघडले, नम्रपणे ऐकून घेतले आणि ‘थँक यू, फादर’ म्हणाली. ती आली नाही. पुढच्या वर्षीही तिने नाव दिले नाही. त्यानंतर आमची बदली झाली.

खेळाच्या गोष्टीला इतके महत्त्व कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु आमच्या वसईत याहून मोठे प्रश्न याच आकाराचे आहेत. गेल्या काही दशकांत येथे मागून आलेल्यांची संख्या आधीच्यांहून कितीतरी अधिक झाली. २००९ साली महानगरपालिका झाली तेव्हा गावे वगळावीत म्हणून झालेली आंदोलने वाचकांना आठवत असतील. शिकागोच्या लोकांना स्वागताचे धडे देणारे आम्ही, स्वतःच्या गावच्या विहिरीचे पाणी आटले तेव्हा काय बोलत होतो, हे आम्हाला ठाऊक आहे. नव्या माणसाला जागा द्यावी हे खरे, आणि ती जागा ज्याच्या विहिरीतून, ज्याच्या वाडीतून गेली त्याला कोणी विचारले नाही हेही खरे. इमारत बांधून गेलेल्याने आपल्या खिशातून काय दिले? हा विषय मोठा आहे. येथे तो पुरा होणार नाही. असो.

गेल्या मे महिन्यात धर्मग्रामातील चार-पाच तरुण संध्याकाळी आमच्याकडे आले. गावच्या क्रिकेट स्पर्धेचे दोन सामने झाले होते. पुण्याला शिकणारा एक मुलगा सुट्टीला आला होता, बॉलर झकास. त्याचे नाव यादीत घालायचे होते आणि त्यासाठी आयोजकांना धर्मगुरूचे पत्र हवे होते. हातात पेन घेऊन आम्ही विचारले, ‘तो कोणाच्या जागी खेळणार?’ ते एकमेकांकडे पाहू लागले. ‘फादर, ते आम्ही बघतो ना.’ आम्ही म्हटले, ‘ज्याच्या जागी खेळणार त्याला घेऊन या. मग पत्र देतो.’

अर्ध्या तासाने ते त्याला घेऊन आले. सोळा-सतरा वर्षांचा पोरगा. चपला दाराबाहेर काढून तो उंबऱ्याशीच उभा राहिला. बाकीचे काही बोलायच्या आत त्याने विचारले, ‘फादर, टी-शर्ट परत द्यायचा का? त्याच्यावर माझं नाव आहे.’

आम्ही पेनाचे टोपण लावले, सर्वांना आत बसायला सांगितले, आणि उरलेल्या सामन्यांच्या ओव्हर्स मांडण्यासाठी मोठा कागद शोधू लागलो.